बाबांचं एनएसएस-८७ चं खातं, कापलेला टीडीएस आणि २९ ऑगस्टची तारीख

डिसेंबर २०२४ मध्ये बाबांचं पोस्टातलं जुनं एनएसएसचं खातं बंद केलं, त्यात ९४ हजार रुपये टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतात तो टॅक्स, कापला गेला आणि ते पैसे परत हातात पडायला २०२५ चा जुलै उजाडला. मधल्या सात महिन्यांत मी जेवढी धावपळ केली आणि जेवढं वाचलं ते सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते, कारण अशी खाती अजून बऱ्याच घरांत पडून आहेत आणि ज्यांच्या नावावर आहेत ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत, त्यांना हे कुणीतरी समजावून सांगायला हवं.

आधी खातं कुठलं ते सांगते. नॅशनल सेव्हिंग्ज स्कीम १९८७, पोस्टाची, १ एप्रिल ८७ पासून सुरू झालेली. व्याज ११ टक्के आणि वर भरलेली रक्कम कलम ८०सीसीए खाली उत्पन्नातून वजा. मार्च महिना आला की आमच्या चाळीत पोस्टाच्या एजंट काकू यायच्या, हातात फॉर्मचा गठ्ठा, आणि सगळ्या नोकरदार पुरुषमाणसांकडे एकेक फेरी व्हायची. बाबा तेव्हा एका खाजगी कंपनीत सुपरवायझर होते, आई शिक्षिका, घर आईच्या पगारात चालायचं म्हणून बाबांना पैसे बाजूला टाकता यायचे. त्यांनी मार्च ८९ ला १५ हजार भरले, मार्च ९० ला २० हजार आणि मार्च ९१ ला परत २० हजार, म्हणजे एकूण ५५ हजार. त्यानंतर १ एप्रिल ९२ पासून पुढे भरलेल्या पैशांना ती वजावट मिळेनाशी झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ८७ च्या योजनेत नवे पैसे घेणंही बंद झालं, त्याच्या जागी एनएसएस-९२ आली, ती पण पुढे २००२ मध्ये बंद झाली.

या खात्यात एक मेख होती. भरताना टॅक्स वाचला होता, म्हणून काढताना मुद्दल आणि व्याज अशी अख्खी रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरली जायची. दरवर्षी जमा होणाऱ्या व्याजावर टॅक्स नाही, पण हात लावला की लागलाच. शिवाय वर्षात अडीच हजारांच्या वर रक्कम काढली की पोस्टच टीडीएस कापायचं, कलम १९४ईई, आधी २० टक्के आणि जून २०१६ पासून १० टक्के. बाबांच्या पासबुकाच्या आतल्या कव्हरवर पेन्सिलीने त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "काढू नये. टॅक्स लागतो." ही ओळ बहुतेक ते रिटायर झाले तेव्हाची, ९८ सालची. खरं तर रिटायर झाल्यावर उत्पन्न कमी होतं तेव्हाच वर्षाला थोडेथोडे काढायला हवे होते, वर्षातून एकदा काढता यायचे. एजंट काकूंनी पण तसंच सांगितलेलं म्हणे. पण मग आईचं आजारपण आलं, घर बदललं आणि व्याज शेवटपर्यंत साडेसात टक्क्यांवर राहिलं, तेही वाईट नव्हतं, त्यामुळे "राहू दे" म्हणत म्हणत खातं तसंच राहिलं आणि त्या ५५ हजारांचे सप्टेंबर २०२४ अखेर जवळजवळ ९ लाख ४० हजार झाले.

आता व्याज बंद झाल्याचं आम्हाला कळलं कसं, तर दिवाळीच्या आधी बाबा पासबुक भरून आणायला गेले तेव्हा. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, आजोबा, या खात्यावर १ ऑक्टोबरपासून व्याज शून्य झालंय, काढून घ्या. बाबा घरी आले ते एकदम गप्प. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मला आधी वाटलं काहीतरी चुकीचं ऐकून आले असतील, पण मी शोधलं तर खरंच होतं, केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाने २९ ऑगस्ट २०२४ ला अधिसूचना काढून १ ऑक्टोबर २०२४ पासून एनएसएसच्या खात्यांवर व्याज द्यायचं बंद केलं होतं. आम्हाला पत्र नाही, फोन नाही, मेसेज नाही. पत्ता जुन्या चाळीचा होता आणि मोबाईल नंबर खात्याला जोडलेलाच नव्हता हे मान्य, पण ८४ वर्षांच्या माणसाचं आयुष्यातलं सगळ्यात जुनं खातं असं एका तारखेला थांबतं आणि त्याला ते पासबुक भरायच्या खिडकीवर कळतं हे मला तेव्हाही फार लागलं आणि आजही लागतं. साडेसात टक्क्यांनी ९ लाख ४० हजारांचं व्याज महिन्याला ५ हजार ८०० च्या वर जातं, म्हणजे आम्ही जेवढे महिने घालवले तेवढे पाच-पाच हजार गेले.

आणि महिने गेलेच. पहिल्या खेपेला सांगितलं की खातं सायलेंट पडलंय, कित्येक वर्षांत व्यवहार नाही, आधी केवायसी करा. आधार, पॅन, दोन फोटो, मोबाईल नंबर, पत्ता बदलाचा फॉर्म. ते दिलं. दुसऱ्या खेपेला सही जुळेना. हा प्रसंग मी विसरूच शकत नाही. ८९ सालच्या कार्डावर बाबांची इंग्रजीतली लांबलचक सही, शेवटच्या अक्षराला खाली गोल वळण देऊन परत वर नेलेली रेघ, आणि आता हात थरथरतो म्हणून ती रेघ मधेच तुटते. बाबांनी काउंटरच्या कडेला उभं राहून एका कोऱ्या कागदावर सात-आठ वेळा सही केली, प्रत्येक वेळी ते वळण येईपर्यंत नीट यायचं आणि तिथे पेन अडखळायचं. मागे रांग होती. शेवटी आत बसलेल्या मोठ्या बाई उठून आल्या, त्यांनी बाबांना खुर्ची दिली, म्हणाल्या, काका, सावकाश करा, नाही जमली तर आपण अंगठा आणि साक्षीदार घेऊ. बाबांना अंगठा नको होता. नवव्या का दहाव्या वेळेला जमली. त्या बाईंनी ती सही प्रमाणित करून घेतली. त्यांचं नाव विचारायचं राहिलं याची मला रुखरुख आहे.

मधल्या काळात आमच्या ओळखीच्या सीएंकडे जाऊन आकडेमोड केली. बाबांचं बाकीचं उत्पन्न म्हणजे सीनियर सिटिझन स्कीमचं आणि एफडीचं व्याज, साधारण ३ लाख ४० हजार, त्यावर काहीच टॅक्स बसत नाही. त्यात हे ९ लाख ४० हजार मिळवले की १२ लाख ८० हजार. टॅक्सच्या नव्या पद्धतीने त्या वर्षीच्या स्लॅबप्रमाणे ९६ हजार आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ९९ हजार ८४०. जुन्या पद्धतीने तर पावणेदोन लाखांच्या वर जात होता. सीए म्हणाले, अर्धे आत्ता काढा आणि अर्धे एप्रिलमध्ये, दोन आर्थिक वर्षांत विभागलं तर टॅक्स कमी बसेल, व्याज बुडालं तरी वीस-बावीस हजार वाचतील. हिशोब बरोबर होता. पण बाबा म्हणाले, "परत ती सही, परत ती रांग, मला नको. माझ्या डोळ्यांदेखत मोकळं होऊ दे." मी फार ताणलं नाही. ८४ व्या वर्षी वीस हजारांपेक्षा मनावरचा भार उतरणं मोठं असतं.

तिसऱ्या खेपेला, १८ डिसेंबरला, खातं बंद करायचा फॉर्म भरला. तिथे एका माणसाने आपणहून सांगितलं की १५एच फॉर्म भरून द्या, टीडीएस कापणार नाही. हे बऱ्याच ठिकाणी सांगतात आणि चांगल्या मनाने सांगतात. पण १५एच म्हणजे माझ्या या वर्षीच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य येतोय असं आपण लिहून देतो, आणि त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे बाबांचा टॅक्स शून्य येत नव्हता, ९९ हजार येत होता. बाबांनी चष्मा लावून तो फॉर्म वाचला आणि परत दिला, म्हणाले, हे खोटं होईल. पुढे काय होणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांनी केलं ते शंभर टक्के बरोबर होतं असं मी आजही म्हणते. खोटं डिक्लरेशन अंगाशी येऊ शकतं आणि या वयात नोटिसा कुणाला हव्यात.

एवढी रक्कम पोस्ट रोख देत नाही, बाबांच्याच बचत खात्यात जमा झाली, ९४ हजार कापून बाकीची. पासबुक त्यांनी जमा करून घेतलं. मी आधीच सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवले होते आणि बंद करतानाच्या हिशोबाच्या कागदावर गोल तारखेचा शिक्का मारून घेतला होता, त्याचा पुढे फार उपयोग झाला. ज्येष्ठ नागरिकांना धंद्याचं उत्पन्न नसेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरावा लागत नाही, म्हणून वरचे पाच-सहा हजार रिटर्न भरताना देऊ असं ठरवून आम्ही तो विषय मिटवला.

मग आला १ फेब्रुवारी २०२५. त्या दिवशी सगळीकडे एकच चर्चा, १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही. टीव्हीवर तेच, व्हॉट्सअ‍ॅपवर तेच, मी पण तेच बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पेपर माझ्यापुढे धरला, आतल्या पानावर चार ओळींचा छोटासा चौकोन, त्याखाली त्यांनी पट्टीने पेन्सिलीची रेघ मारलेली. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी भाषणात सांगितलं होतं की बऱ्याच ज्येष्ठ आणि अतिज्येष्ठ नागरिकांची खूप जुनी एनएसएस खाती आहेत, त्यांच्यावर आता व्याज मिळत नाही, म्हणून २९ ऑगस्ट २०२४ ला किंवा त्यानंतर व्यक्तींनी काढलेली रक्कम करमुक्त करायचा प्रस्ताव आहे. मी ते तीनदा वाचलं. बाबांनी एकच विचारलं, "आपली तारीख कुठली गं?" १८ डिसेंबर. म्हणजे बसत होती.

सीएंना लगेच फोन केला. ते म्हणाले थांबा, अजून प्रस्ताव आहे, वित्त विधेयक मंजूर होऊ दे. ते मार्चअखेर झालं, २९ मार्चला राष्ट्रपतींची सही झाली आणि ८०सीसीए मधला बदल २९ ऑगस्ट २०२४ पासून मागे जाऊन लागू झाला. एप्रिलच्या ४ तारखेला सीबीडीटीने, म्हणजे आयकराचं काम बघणाऱ्या केंद्रीय मंडळाने, आणखी एक अधिसूचना काढली, की व्यक्तींनी एनएसएसमधून काढलेल्या या रकमेवर १९४ईई चा टीडीएस कापायचा नाही. म्हणजे एप्रिलनंतर जे गेले त्यांचं कापलंच जायला नको. आमच्यासारखे जे २९ ऑगस्ट ते एप्रिल या मधल्या पट्ट्यात सापडले त्यांचं कापून झालेलं होतं आणि ते परत मिळवायचा रस्ता एकच, रिटर्न भरून रिफंड मागणं. पोस्टात जाऊन परत मागून मिळत नाही, कारण एकदा कापलेला टॅक्स सरकारजमा झालेला असतो. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी दोन महिने पोस्टातच अर्ज करण्यात घालवले, म्हणून मुद्दाम सांगते.

रिटर्न भरायला बसलो तर नवीन अडचण. बाबांच्या २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर कापलेला टॅक्स दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, टीडीएस दिसेचना. एफडीचं सगळं दिसतंय पण पोस्टाचे ९४ हजार कुठेच नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचं टीडीएस रिटर्न ३१ जानेवारीपर्यंत भरायचं असतं, म्हणजे फेब्रुवारीत दिसायला हवं होतं, एप्रिल संपला तरी नाही. पोस्टात गेले तर एक म्हणे आमच्याकडून गेलंय, दुसरा म्हणे वरच्या ऑफिसला विचारा. तेव्हा शिक्क्याच्या त्या कागदाची झेरॉक्स लावून लेखी अर्ज दिला, आवक नंबर घेतला, दर आठवड्याला मंगळवारी फोन केला. तिसऱ्या आठवड्यात कळलं की त्या तिमाहीच्या रिटर्नमध्ये बाबांची एन्ट्रीच राहून गेली होती. मग त्यांनी सुधारित रिटर्न भरलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात २६एएस मध्ये ती ओळ आली, कलम १९४ईई, रक्कम, टॅक्स, सगळं. त्या एका ओळीसाठी मी चार वेळा ऑफिसातून अर्धा दिवस रजा घेतली. मुलंबाळं परदेशात असलेल्या म्हाताऱ्या माणसाने हे कसं करायचं हा विचार तेव्हा सारखा यायचा.

रिटर्न भरताना आमच्या सीएंनी एका गोष्टीवर फार जोर दिला, ती लिहिते. रक्कम करमुक्त आहे म्हणून ती रिटर्नमध्ये दाखवायचीच नाही असं करू नका. एआयएस मध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या आपल्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीत, ती दिसतेय, तिच्यावर कापलेला टीडीएस आपण परत मागतोय, आणि रक्कम मात्र रिटर्नमध्ये कुठेच नाही असं झालं तर सिस्टीम अडवू शकते आणि मग उत्तरं देत बसावं लागतं. आम्ही ९ लाख ४० हजार करमुक्त उत्पन्नात दाखवले, समोर ८०सीसीए चा उल्लेख केला, आणि टीडीएसचं क्रेडिट पूर्ण मागितलं. बाकीच्या ३ लाख ४० हजारांवर त्या वर्षी नव्या पद्धतीत दोन हजार टॅक्स येत होता तो रिबेटमध्ये (कमी उत्पन्नाला मिळणाऱ्या सवलतीत) गेला, म्हणजे देणं शून्य. २० जूनला रिटर्न भरलं, आधार ओटीपीने लगेच व्हेरिफाय केलं, आणि ज्या बँक खात्यात रिफंड हवा ते पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करून ठेवलं होतं, ते नसलं की रिफंड अडकतो.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बाबांच्या मोबाईलवर मेसेज आला. ९४ हजार आणि त्यावर एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का धरून १ हजार ८८० व्याज, एकूण ९५ हजार ८८०. मी ऑफिसात होते, बाबांनी फोन करून आकडा हळूहळू वाचून दाखवला, शेवटचे ८८० पण. दोन-चार रुपयांसाठी आयुष्यभर एसटी सोडून चालत गेलेला माणूस आहे, त्यांच्या आवाजात जे होतं ते मला पुरलं. (ते १ हजार ८८० व्याज मात्र पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात धरायचं असतं, ते मी लिहून ठेवलंय.)

पण या सगळ्यात माझा जीव आत्यासाठी तुटतो. बाबांची धाकटी बहीण, रत्नागिरीला असते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली. तिचं पण ८७ चंच खातं होतं. तिने गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते बंद केलं, ३ लाख १० हजार आले. रिफंडची बातमी ऐकून तिचा फोन आला, "मग माझं पण मिळेल का गं?" मी म्हटलं, आत्या, पासबुकाची झेरॉक्स काढलेलीस ना, तारीख वाच. तिने वाचली, १२ ऑगस्ट २०२४. सतरा दिवस. तिची पेन्शन आहे त्यामुळे त्या तीन लाखांमुळे तिला ३२ हजारांच्या वर टॅक्स बसला आणि तो भरलाय, त्यातला एक रुपया परत येणार नाही. व्याज बंद करायची अधिसूचना २९ ला निघाली म्हणून सूट २९ पासून, हे कारण मला कळतं. ज्यांना सरकारच्या निर्णयामुळे पैसे काढावे लागले त्यांना दिलासा, असा त्यामागचा विचार. पण योजना तीच, वर्ष तेच, माणसं तितकीच म्हातारी, आणि गुडघा काही अधिसूचना बघून दुखायला लागत नाही. निदान त्या अख्ख्या आर्थिक वर्षाला, १ एप्रिल २०२४ पासून, सूट द्यायला काय हरकत होती असं मला मनापासून वाटतं. आत्या फोनवर म्हणाली, "जाऊ दे, गुडघा तर झाला." मला काही बोलता आलं नाही.

ज्यांच्याकडे अजून पासबुक आहे त्यांनी आधी पहिल्या पानावर योजनेचं नाव आणि पैसे भरल्याच्या तारखा बघा. ही सूट ८०सीसीए ची वजावट मिळालेल्या पैशांची आहे, म्हणजे १ एप्रिल ९२ च्या आधी भरलेले. ९२ च्या योजनेच्या पैशांना ती वजावटच नव्हती, त्याचा हिशोब वेगळा आहे, तो सीएंकडून करून घ्या, दोन्ही खाती एकत्र धरू नका, बऱ्याच घरांत दोन्ही आहेत आणि पासबुकं दिसायला सारखीच. खातेदार वारले असतील आणि वारस पैसे घेणार असतील तर वारसांना दिलेल्या रकमेवर १९४ईई चा टीडीएस कापायची तरतूद आधीपासूनच नव्हती, त्यामुळे कुणी कापायला लागलं तर तिथेच थांबवून विचारा.

शेजारच्या काकांचं खातं मी मे महिन्यात त्यांच्याबरोबर जाऊन बंद करून आणलं, ४ एप्रिलच्या अधिसूचनेची प्रिंट पिशवीत होती, काउंटरवर दाखवावी लागली, पण टीडीएस एक रुपया कापला गेला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं अजून राहिलंय. त्यांचं पासबुकच सापडत नाहीये, गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवल्याचं त्यांना आठवतं, आम्ही दोनदा सगळ्या घड्या उलगडून बघितल्या. डुप्लिकेटसाठी अर्ज केलाय, मंगळवारी परत जाणार आहोत.